गोंद लावण्याआधी

१६ एप्रिल २०२५ला मुंबईहून निघालेले अलायन्स एअरचे विमान बेलोऱ्याच्या १,८५० मीटर लांब धावपट्टीवर उतरले आणि अमरावतीला एकदाची नियमित विमानसेवा मिळाली. किती वर्षे रखडलेले काम! त्या दिवशी बोलणे झाले ते विमानतळाचे, तिकिटाचे, उद्घाटनाला कोण कोण आले त्याचे. पंखाकडे कोणी निरखून पाहिले नसेल, आणि पाहिले असते तरी रंगाच्या थराखाली काय दडले आहे ते कळले नसते. ते विमान एटीआर ७२ जातीचे. त्याच्या पंखात, इंजिनाच्या पलीकडच्या भागात, सगळा भार पेलणारी एक लांबट पेटी असते. ती कार्बन तंतूंची आहे. प्रवासी विमानाच्या पंखाची मुख्य पेटी कार्बन तंतूंची करण्याचे धाडस पहिल्यांदा झाले ते याच विमानात. त्याचे पहिले उड्डाण ऑक्टोबर १९८८मधले.

बेलोऱ्याला एवढ्यावरच थांबायचे नाही. एअर इंडियाने २०२४मध्ये इथे वैमानिक घडवणारी अकादमी काढण्याचे जाहीर केले आणि पुढे तिच्यासाठी ३४ प्रशिक्षण विमाने मागवली : ३१ पायपर कंपनीची, एका इंजिनाची, आणि ३ डायमंड कंपनीची, दोन इंजिनांची. डायमंडची ही दोन इंजिनांची विमाने जवळपास पूर्ण कार्बन तंतूंची असतात. विमानाचा धड-सांगाडा दोन अर्ध्या कवचांत साच्यातून काढतात आणि मग ती कवचे एकमेकांना गोंदाने जोडतात. होय, गोंदाने. अर्थात हा गोंद म्हणजे काळजीपूर्वक मोजून-मापून बनवलेले इपॉक्सी. पण काम तेच, चिकटवण्याचे.

असा जोड कशावर टिकतो? बहुतेकांचे उत्तर असते, गोंदाच्या ताकदीवर. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. आजचे चांगले इपॉक्सी इतके मजबूत असते की नीट बसलेला जोड ओढला तर अनेकदा चिकटवलेल्या भागाच्या थरातले तंतू उपटून निघतात आणि गोंद तसाच राहतो. जोड सुटतो तो बहुतेक वेळा गोंद आणि पृष्ठभाग यांच्या सीमेवर. म्हणजे त्याचे भवितव्य गोंद लावण्याआधीच ठरलेले असते, पृष्ठभागाच्या वरच्या काही नॅनोमीटरांत. ती जागा लेझरने कशी तयार करतात, हा या प्रकरणाचा विषय.

त्याआधी थोडे तंतूविषयी. कार्बन तंतूचे आणि कापसाचे नाते जुने आहे. ऑक्टोबर १८७९मध्ये एडिसनने शिवणकामाचा सुती दोरा हवेविना भाजला, त्याचा कोळसा केला आणि तो दिव्यात बसवला. तो तेरा तासांहून अधिक वेळ जळत राहिला. दोऱ्याचा आकार तोच, पण आत फक्त कार्बन उरलेला. त्या काळात आपल्या वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून विकला जात होता. एडिसनचा दोरा कोणत्या कापसाचा होता हा भाग वेगळा, पण सेल्युलोज सगळ्या कापसात एकच. पुढे १९५८मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन यांनी कार्बनचे अतिशय मजबूत तंतू प्रयोगशाळेत मिळवले. बाजारात आलेले सुरुवातीचे कार्बन तंतू रेयॉनपासून, म्हणजे सेल्युलोजपासूनच केलेले होते. १९६१च्या सुमारास जपानच्या अकिओ शिंदो यांनी पॉलिअॅक्रिलोनायट्राइल हा कृत्रिम धागा वापरला. आजचे बहुतांश कार्बन तंतू त्याच वाटेने होतात. हा धागा आधी हवेत दोनशे-तीनशे अंशांवर भाजतात, नंतर प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर नेतात.

हातात येतो तो चमकदार काळा तंतू, जाडी साधारण ७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी. त्याची घनता पोलादाच्या पावपटीहूनही कमी आणि ताण सोसण्याची ताकद पोलादाच्या कितीतरी पट. मात्र सुटा तंतू कशाच्याच उपयोगाचा नाही. हजारो तंतू एका दिशेने मांडून त्यांत इपॉक्सी रेझिन भरायचे, असे थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचायचे आणि उष्णता व दाब देऊन पक्के करायचे. यालाच कॉम्पोझिट म्हणतात.

आता असे दोन भाग जोडायचे आहेत. धातूत आपण भोक पाडतो, रिव्हेट मारतो, मोकळे होतो. कॉम्पोझिटमध्ये भोक पाडणे म्हणजे ज्या तंतूंनी भार वाहायचा तेच तोडणे. शिवाय भोकाच्या कडेला ताण एकवटतो. आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख कमी होतो. कार्बन आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम गंजू लागते, कारण त्यांच्यात विजेचा एक छोटा घटच तयार होतो. म्हणून कार्बनशेजारी पुष्कळदा महागडे टायटॅनियम वापरावे लागते. नागपूरच्या मिहानमध्ये टाटांच्या टाल कंपनीने बोइंग ७८७च्या तळाच्या तुळया बनवल्या, त्याही कार्बन तंतू आणि टायटॅनियमच्या आहेत. अमरावतीहून दीडशे किलोमीटरवर हे काम चालते, आणि विदर्भात किती जणांना ते माहीत आहे, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

गोंदाला भोक लागत नाही. तो भार सगळ्या जोडभर पसरवतो, वजन वाढवत नाही आणि दोन पदार्थांना थेट एकमेकांना लागू देत नाही. मग सगळीकडे गोंदच का वापरत नाहीत?

कारण गोंदावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. अल्ट्रासाउंडने जोडातली पोकळी दिसते, हवेचा बुडबुडा दिसतो. पण दोन पृष्ठभाग एकमेकांना अगदी लागून आहेत, मध्ये गोंद आहे, आणि तरीही तो धरत नाही, असा जोड अल्ट्रासाउंडला ठणठणीतच दिसतो. ‘किसिंग बाँड’ म्हणतात तो हा. जोड किती ताकदीचा आहे हे तो न तोडता मोजण्याची खात्रीची पद्धत अजून हाती नाही. अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाने २००९च्या मार्गदर्शक पत्रकात म्हणूनच स्पष्ट मांडले की, ज्या चिकटवलेल्या जोडाच्या अपयशाने विमान जाऊ शकते, तिथे तीनपैकी एक गोष्ट हवी : जोड काही अंतर सुटला तरी संरचना भार पेलेल अशी रचना करा, किंवा प्रत्येक भागावर भार देऊन चाचणी घ्या, किंवा जोडाची ताकद सिद्ध करणारी विनाविध्वंस तपासणी वापरा. तिसरा पर्याय कागदावरच आहे. दुसरा फार खर्चिक आहे. उरतो पहिला, म्हणून चिकटवलेल्या जोडातही मध्ये मध्ये रिव्हेट मारतात.

ही सावधगिरी विनाकारण नाही. २८ एप्रिल १९८८ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७च्या छताचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा तुकडा उड्डाणातच उडून गेला. एका हवाईसेविकेचा मृत्यू झाला. ते विमान अॅल्युमिनियमचे होते, पण पत्रे एकमेकांवर चढवून इपॉक्सीने चिकटवलेले आणि वर रिव्हेट मारलेले. जुन्या पद्धतीच्या त्या चिकटवण्यात गोंद काही ठिकाणी धरलाच नव्हता, कुठे ओलावा शिरला होता, गंज चढला होता. जोडाने सोडलेला भार रिव्हेटांवर आला, रिव्हेटांच्या भोकांतून बारीक भेगा निघाल्या आणि सुमारे ९० हजार उड्डाणांनंतर त्या एकमेकींना मिळाल्या. अपघाताच्या चौकशी अहवालात गोंदाच्या पट्टीवर साचलेल्या दवाचाही उल्लेख आहे. साधे दव!

पृष्ठभाग म्हणजे काय ते कळायला आपल्याकडे एक फार सोपा प्रयोग आहे. शेतातून वेचलेला, सरकी काढलेला रुईचा पिंजा पाण्याच्या भांड्यात टाका. तो तरंगत राहील, बराच वेळ. आता औषधाच्या दुकानातला सर्जिकल कापूस टाका, काही सेकंदांत तळाला जाईल. औषधसंहितेच्या कसोटीनुसार त्याने दहा सेकंदांच्या आत बुडायलाच हवे. दोन्ही कापूसच, फरक एवढाच की कच्च्या कापसाच्या तंतूवर वजनाच्या अर्धा-एक टक्का मेण असते. कॉस्टिक सोड्यात उकळून ते काढले की तोच कापूस पाणी पितो. देशी वाणाचा आखूड, भरड धागा सर्जिकल कापसासाठी वापरतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे वाण जपले, सुधारले, त्यांची ही एक वेगळीच उपयुक्तता. टक्काभर मेणाने तंतूचे पाण्याशी असलेले सारे नाते बदलते, हे लक्षात ठेवले की पुढचे सगळे समजते.

कॉम्पोझिटच्या बाबतीत मेणाची जागा साच्याचा लेप घेतो. भाग साच्याला चिकटून बसू नये म्हणून साच्यावर सिलिकॉन किंवा फ्लोरिनयुक्त लेप लावतात. ज्याचे कामच चिकटू न देणे आहे असा पदार्थ भागावर थोडा का होईना उतरतो. द्रवाला पृष्ठभागावर पसरायचे तर पृष्ठभागाची ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणाच्या बरोबरीची किंवा जास्त हवी. पाण्याचा ताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, द्रव इपॉक्सीचा साधारण चाळिशीच्या घरात, आणि सिलिकॉनची पृष्ठऊर्जा कशीबशी वीस-बावीस. इपॉक्सी तिथे पसरणारच नाही, आणि जे पसरले नाही ते धरणार कसे?

जुना उपाय म्हणजे पॉलिश पेपर. कामगार हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून कॉम्पोझिट घासतो. काळी भुकटी उडते, ती शोषून घ्यायला बाजूला व्हॅक्यूम लावलेला असतो. चकाकी जाऊन सारखा राखाडी रंग आला की थांबायचे, कारण त्यापुढे घासले तर तंतू कापले जातात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने पुसायचे, दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचे. त्यावर पाणी ओतून पाहायचे : पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर पृष्ठभाग तयार, थेंब थेंब होऊन फाटला तर पुन्हा. मला या कामाबद्दल फार आदर आहे. निष्णात कामगार या हातघाशीतून उत्तम जोड देतो. पण सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात सारखा नसतो. एकाचे घासणे दुसऱ्याच्या घासण्यासारखे नसते. आणि पेपर स्वतःच सिलिकॉन उचलून पुढच्या जागी पसरवतो, ही त्याची मोठी खोट. दुसरा उपाय पील प्लायचा : भाग पक्का करताना वर कापड बसवायचे आणि चिकटवण्याच्या वेळी ते सोलून काढायचे. उत्तम कल्पना, पण कापडावरच लेप असेल तर तोही मागे राहतो.

लेझर इथे शिरतो. त्याचा प्रकाश सलग न टाकता पल्सच्या रूपात सोडतात, प्रत्येक पल्स काही नॅनोसेकंदांची. मायक्रॉनच्या छोट्या अंशापासून काही मायक्रॉनपर्यंत वरचा थर उडून जातो. हलत्या आरशांनी हा ठिपका पृष्ठभागावर ओळीने फिरवतात, प्रत्येक ठिपका आधीच्यावर ठरावीक प्रमाणात चढतो. रसायन नाही, भुकटीचा ढीग नाही. उडालेली वाफ-धूळ शोषून घ्यावी मात्र लागते.

कोणता लेझर, यावर सगळे अवलंबून आहे. रेझिनमधला कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. अतिनील ३५५ नॅनोमीटरच्या प्रकाशकणात ३.५ असतात, ३०८ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेझरच्या कणात ४, आणि २४८च्यात ५. म्हणजे अतिनील प्रकाश रेझिनचे बंध जवळपास थेटच तोडतो आणि फारसा तापवत नाही. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या १०.६ मायक्रॉनच्या कणात जेमतेम ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, त्यामुळे तो फक्त तापवून उडवतो. सगळ्यात फसवा १,०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर, जो वर्कशॉपमध्ये सहज मिळतो. इपॉक्सी त्याला बरीचशी पारदर्शक असते. प्रकाश आरपार जाऊन खालच्या काळ्या तंतूत शोषला जातो. तंतू तापतो आणि वरचा रेझिनचा थर आतून फुटून पापुद्र्यासारखा उखडतो. पृष्ठभाग स्वच्छ झालेला दिसतो खरा, पण तंतूच्या भोवतालची पकड सैल झालेली असते.

अडचणीचे मूळ दोन घटकांच्या स्वभावात आहे. इपॉक्सी तीनशे-चारशे अंशांवर जळते, कार्बनला वाफ व्हायला साडेतीन हजार अंशांच्या वर जावे लागते. शिवाय उष्णता तंतूच्या लांबीत झपाट्याने पळते आणि रेझिनमध्ये रेंगाळते. एका ठिकाणी दिलेली उष्णता तंतूच्या वाटेने दूरवर जाऊन तिथले रेझिन करपवू शकते. म्हणून मात्रेचा प्रश्न येतो. कमी पडली तर सिलिकॉन तसेच. जास्त झाली तर तंतू उघडे पडून सुट्या काड्यांसारखे उभे राहतात, त्यांना धरणारे रेझिन उरत नाही, आणि मग गोंद या सुट्या काड्यांना चिकटतो.

योग्य मात्रा म्हणजे नेमकी कोणती, यावर जाणकारांत एकवाक्यता नाही. काहींच्या मते लेप आणि रेझिनचा अगदी वरचा थर जावा, तंतू झाकलेले राहावेत. नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रात फ्रँक पाल्मिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५५ नॅनोमीटरच्या लेझरने कॉम्पोझिटवरचा मळ काढण्यावर बरेच काम केले. दुसरा विचार असा की वरचे रेझिन काढून तंतू उघडेच करावेत, म्हणजे गोंद थेट तंतूंना धरेल. टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत एड्रियन साबाऊ यांच्या गटाने एकाच लेझरचे दोन किरण एकमेकांवर आणले. जिथे लाटा एकमेकींना वाढवतात तिथे प्रकाश तीव्र, जिथे मारतात तिथे काळोख. त्यामुळे पृष्ठभागावर मायक्रॉन मापाच्या समांतर खाचा उमटतात. कार्बन कॉम्पोझिट आणि अॅल्युमिनियम जोडून हलक्या मोटारी करण्यासाठी हे काम होते. मला वाटते, दोन्ही विचार आपापल्या जागी बरोबर आहेत. जाड रेझिन असलेल्या मोटारीच्या भागाला जे चालेल ते विमानाच्या पातळ कवचाला चालेलच असे नाही.

लेझरच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट माझ्या मते वाढलेली ताकद ही नव्हे, मोजता येणे ही आहे. पल्सची ऊर्जा, ठिपक्याचा व्यास, फिरण्याचा वेग, चढण्याचे प्रमाण, हे चार आकडे नोंदवले की हजारावा भाग पहिल्यासारखाच तयार होतो, आणि कोणत्या भागाला काय मिळाले याची नोंद वर्षानुवर्षे राहते. पॉलिश पेपरच्या हातघाशीची अशी नोंद कुठून ठेवणार? तयार पृष्ठभाग मात्र फार काळ तसा राहत नाही. हवेतली तैलवाफ आणि धूळ त्यावर बसू लागते, म्हणून चिकटवायचे काम लवकर उरकावे लागते.

वऱ्हाडच्या हवेचाही इथे संबंध आहे. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या गडद कवचाचे तापमान त्याहून खूप वर. इपॉक्सी ठरावीक तापमानाच्या वर मऊ पडते आणि ओलावा शोषला की ती मर्यादा आणखी खाली येते. म्हणूनच कॉम्पोझिटच्या तपासण्या उष्ण आणि ओल्या अशा दोन्ही अवस्थांत एकाच वेळी घेतात, ८२ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. डायमंडसारखी विमाने बहुतेक पांढरी रंगवतात ती याचसाठी. पावसाळ्यातला धोका निराळाच. फिल्मच्या रूपातला गोंद उणे १८ अंशांवर ठेवतात. जुलैच्या दमट हवेत तो फ्रीझरमधून काढून पिशवी लगेच फोडली तर त्याच्यावर दव धरते. बंद पिशवीतच तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मगच उघडायचा. अलोहाच्या विमानातले दव आठवा.

दुरुस्तीत लेझरचा उपयोग मला सर्वाधिक वाटतो. विमानाला ठोकर बसली तर खराब भाग उताराने घासून काढतात, उताराचे प्रमाण विसास एकपासून पन्नासास एकपर्यंत, आणि त्या उतारावर नवे थर चिकटवतात. हे घासणे हाताने तासन्‌तास चालते आणि थोडी जास्त खोली गेली की एक चांगला थर वाया जातो. लेझर एकेक थर अचूक उतरवू शकतो आणि तोच चिकटवण्याची जागाही तयार करतो. मिहानमधल्या देखभाल केंद्राला आणि उद्या बेलोऱ्यालाही हे कौशल्य लागेल.

आपल्या भागात काय करता येईल? अमरावती-अकोल्याच्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन असते. कॉम्पोझिटच्या पट्ट्या इपॉक्सीने एकमेकींवर चढवून चिकटवायच्या आणि ओढायच्या, यासाठी एवढे पुरते. काही पट्ट्या तशाच, काही पॉलिश पेपरने घासलेल्या, आणि जवळपास मार्किंगचा लेझर असेल तर काही त्याने तयार केलेल्या. लेझरपासून डोळे वाचवणारा चष्मा आणि धूर ओढणारा पंखा मात्र हवाच. शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मशीनचा आकडा वहीत उतरवण्याआधी विद्यार्थ्यांना पट्टीची दोन्ही तुटलेली तोंडे हातात घेऊन बघायला लावा. एका तोंडावर गोंद आणि दुसरे साफ, असे दिसले तर आकडा कितीही मोठा असो, तो जोड नापास. दोन्ही तोंडांवर गोंद किंवा उपटलेले तंतू दिसले तर पास.